तनाग्रावर डार्मोक आणि जलाद

नमस्कार श्रोतेहो.

'विश्वास? तो तर पानिपतातच गेला!' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मराठी न येणाऱ्याला त्यातला एकेक शब्द समजावून सांगा; त्याला वाटेल, विश्वास नावाचा कुणी पानिपत गावाला गेलाय. १७६१ साली त्या रणात नानासाहेब पेशव्यांचा तरणाताठा मुलगा विश्वासराव पडला, हे माहीत नसेल तर या वाक्यातलं दुःखही कळत नाही आणि कोटीही.

आज हे आठवलं ते 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेच्या एका भागामुळे. भागाचं नाव 'डार्मोक', प्रक्षेपण सप्टेंबर १९९१ मधलं. एंटरप्राइज या अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड टमेरियन नावाच्या परग्रहावरच्या लोकांना भेटतो. यानावरचं भाषांतरयंत्र त्यांचे शब्द चोख उलगडतं, पण हाती येतं ते एवढंच : 'तनाग्रावर डार्मोक आणि जलाद.' 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा.' शब्द कळतात, बोलणं कळत नाही. हे लोक फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांनी बोलतात. भिंती कोसळल्या म्हणजे डाव फसला. आपण 'पानिपत झालं' म्हणतो, तसंच.

त्यांचा कप्तान दाथॉन मग एक विलक्षण धाडस करतो. तो पिकार्डला घेऊन एल-अ‍ॅड्रेल नावाच्या ग्रहावर उतरतो. तिथे एक हिंस्र प्राणी आहे. दोघं परके मिळून त्याच्याशी लढतील आणि लढताना एकमेकांना ओळखतील, डार्मोक आणि जलाद यांनी केलं तसं. रात्री पिकार्डला काही केल्या शेकोटी पेटवता येत नाही. तेव्हा दाथॉन आपल्या शेकोटीतलं जळतं लाकूड त्याच्याकडे फेकतो आणि म्हणतो, 'टेंबा, हात पसरलेले.' म्हणजे घे, हे तुला दिलं. टेंबा हे त्यांच्या कथेतल्या कुणाचं तरी नाव. पण मराठी कानाला तिथे पेटता टेंबाच ऐकू येतो, आणि पडद्यावरही नेमका तोच असतो! हा निव्वळ योगायोग, तरी मला तो फार प्रिय आहे.

पुढचा प्रसंग बघवत नाही. प्राणी चाल करून येतो आणि ऐन क्षणी वरच्या यानावरचे लोक, आपल्या कप्तानाला वाचवायचं म्हणून, पिकार्डला किरणांनी उचलू पाहतात. तो त्या किरणांत जखडला जातो. समोर दाथॉन एकटा सापडतो आणि जबर जखमी होतो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वरच्यांना खालचं नातं कळलं नव्हतं, एवढंच.

मरणाऱ्या दाथॉनशेजारी बसून पिकार्ड त्याला आपल्या पृथ्वीवरची एक जुनी गोष्ट सांगतो, गिलगामेश आणि एन्किडूची. आधी एकमेकांशी झुंजलेले आणि मग जिवाभावाचे मित्र झालेले ते दोघं. दाथॉनला यातले किती शब्द कळले असतील? पण पॉल विनफिल्ड या नटाचे डोळे बघा. रंगाच्या आणि मुखवट्याच्या थरांखालून तो माणूस ऐकतोय.

या भागावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. नुसत्या दाखल्यांत बोलणारे लोक यान कसं बांधतील? 'हा स्क्रू अर्धा फेरा फिरव' हे ते कसं सांगतील? आणि त्यांची मुलं मूळ गोष्टी शिकतात तरी कोणत्या भाषेत? याचं उत्तर या भागात नाही. तरीही मी तो दरवेळी श्वास रोखून पाहते.

याच हंगामातला 'द इनर लाइट' पुष्कळांना सर्वांत थोर वाटतो. त्याला विज्ञानकथांसाठी दिलं जाणारं १९९३ चं ह्युगो पारितोषिकही मिळालं. त्यात पिकार्ड पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत एका नष्ट झालेल्या ग्रहावरचं आख्खं आयुष्य जगून येतो आणि शेवटी त्याच्या हाती एक बासरी उरते. मीही तो पाहून रडले आहे. पण तिथे त्या लोकांची स्मृती आपणहून त्याच्यात उतरते. इथे मात्र त्याला एकेक शब्द रक्ताच्या मोलाने मिळवावा लागतो, म्हणून मी 'डार्मोक'ला वर ठेवते.

शेवटी दोन्ही यानं युद्धाला भिडलेली असताना पिकार्ड परत येतो आणि टमेरियनांशी त्यांच्याच बोलीत बोलतो. दाथॉन गेल्याचं तो सांगतो. पलीकडचा अधिकारी क्षणभर गप्प होतो. मग त्यांच्या भाषेत त्या दिवसापर्यंत नसलेले शब्द तो उच्चारतो : 'एल-अ‍ॅड्रेलवर पिकार्ड आणि दाथॉन.'