मापाची सुरी

[दृश्य: टेबलावर पुठ्ठ्याची सुरी. कडेला पेन्सिलीच्या खुणा.]

ही सुरी पुठ्ठ्याची आहे. फोंड्याजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नव्या गिऱ्हाइकाला आधी हीच मिळते. घरी न्यायची, ओट्यावर ठेवायची आणि कांदा कापण्याचं सोंग करायचं. बोटांची पेरं फळीवर आपटतात का? टोक नको तितकं पुढं जातं का? मूठ तळहातात फिरते का? जिथं खटकेल तिथं पेन्सिलीनं खूण करून पुठ्ठा परत आणायचा. पोलादाची गोष्ट त्यानंतर.

गिऱ्हाईक मात्र येतं ते पोलादाचं नाव घेऊनच. "व्हीजी-टेन आहे?" "डमास्कसमध्ये होईल?" "साठच्या वर कडकपणा मिळेल ना?" कारागीर सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "दादा, तुमच्या घरी मासळी कोण साफ करतं?"

बहुतेक वेळा दादा गप्प होतात.

[दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. लोखंडी सामानाचं दुकान, जमिनीवर मांडलेले कोयते.]

हातानं घडवलेली, मागणीबरहुकूम केलेली सुरी म्हटलं की हल्ली परदेशी शौक वाटतो. गोव्यात तो जुनाच व्यवहार आहे. माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर आपली काती, म्हणजे त्या कामाची सुरी, दुकानातून उचलून आणत नाही. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, रोज पातळ कापावी लागते, काप ओबडधोबड गेला की सूर आटतो. त्यामुळे पात्याची रुंदी, बाक, वजन, सगळं त्याच्या हाताला बसलेलं लागतं. नारळ पाडणारा पाडेलीही लोहाराला सांगून कोयता करून घेतो, आणि तो डावखुरा असेल तर धारेचा उतार दुसऱ्या बाजूला. घरातली आदोळी, म्हणजे विळी, घ्या. पाटावर बसायचं, पातं जागच्या जागी, दोन्ही हात मोकळे. जन्मभर आदोळीवर इसवण (सुरमई) कापलेल्या सासूला सुनेनं आणलेली जपानी घाटाची सुरी पटत नाही, यात सासूचा काहीच दोष नाही. तिच्या हाताला पातं स्थिर लागतं.

लोहाराच्या भट्टीत जातो तो बहुधा ट्रकच्या कमानीचा पाटा. खाणपट्ट्याच्या या मुलखात तो मिळायला अडचण नाही. कमानीचं पोलाद चिवट असतं. कोयत्याला ते झकास. पण भंगारातला पाटा वर्षानुवर्षं खड्ड्यांतून हिसके खाऊन आलेला असतो, आत डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, आणि त्याचं नेमकं घटकप्रमाण कुणी सांगू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीसाठी हा कारागीर त्याला हात लावत नाही. नवी, दाखला असलेली पट्टी मागवतो. माझ्या मते इथं थोडे जास्त पैसे गेले तरी गिऱ्हाइकानं कुरकुर करू नये.

[दृश्य: खाणावळ चालवणारी मावशी, समोर पुठ्ठा.]

मार्दोळच्या बाजूची एक मावशी खाणावळ चालवते. सकाळी कांदा, खोबरं, भाजी, नंतर मासळी. तिची तक्रार साधी आहे. "पुता, दुपारपर्यंत मनगट भरून येतं."

कारागीर तिची जुनी सुरी हातात घेतो. बाजारातली, स्टीलची, पाठीकडून धारेपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीची. धार लावलेली आहे, तरी कांद्यात शिरताना ती कापत नाही, फाडत जाते. इथं त्याच्या धंद्यातली कळीची गोष्ट येते. सुरी किती सहज कापते हे धारेच्या लगेच वरच्या भागाच्या जाडीवर ठरतं. तिथं पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी असेल तर गाजर चिरताना ते तडकत नाही, सरळ कापलं जातं. पाठ दोन-अडीच मिलिमीटर पुरते, आणि ती टोकाकडे निमुळती होत गेली तर हातावरचा भार कमी होतो. जंगलात लाकूड फोडायच्या सुरीला चार-पाच मिलिमीटरची पाठ शोभते. तीच जाडी कांद्याला लावली की मनगट भरून येणारच.

मग लांबी. मावशीची फळी लहान, ओटा अरुंद. जपानी पद्धतीची 210 मिलिमीटरची सुरी सध्या सगळे मागतात, मावशीला 180 पुरली. पात्याची उंची मात्र कारागिरानं वाढवली, कारण तिची पेरं फळीला लागत होती. पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा नेमक्या तिथंच होत्या.

एक गोष्ट त्यानं स्पष्ट सांगितली. "मावशी, हिनं इसवणाचा कणा तोडायचा नाही. त्याला तुमचा कोयताच."

कडकपणाचं गणित तिथंच कळतं. रॉकवेल मापावर जर्मन धर्तीच्या सुऱ्या साधारण 56 ते 58, जपानी धर्तीच्या 60 च्या पुढं. आकडा चढला की धार जास्त दिवस टिकते आणि पातं ठिसूळ होत जातं. बासष्टचं पातळ पातं माशाच्या कण्यावर मारलं तर धारेचा तुकडा उडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, कारागिरानं फसवलं.

[दृश्य: भट्टी. तापलेलं पातं लोहचुंबकाजवळ नेलं जातं.]

आता ज्यासाठी खरे पैसे मोजायचे ती पायरी. पोलाद तापवत नेलं की सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोहचुंबक त्याला धरेनासा होतो. साध्या कार्बन पोलादाला त्याच्याही थोडं वर नेऊन तेलात बुडवतात. तेलातून निघालेलं पातं इतकं कडक असतं की कानस त्यावरून घसरते, आणि फरशीवर पडलं तर मोडूही शकतं. म्हणून ते सुमारे 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. पाणी देणं म्हणतात ते हेच, तेल वापरलं तरी.

यातलं काहीही तयार सुरीवर दिसत नाही. म्हणून हा कारागीर त्याच पट्टीचा एक तुकडा सोबत तापवतो, तेलात टाकतो आणि गिऱ्हाइकासमोर शिकंज्यात धरून मोडतो. मोडलेली कड करडी आणि मऊसूत दिसली तर काम साधलं. साखरेसारखे दाणे चमकले तर भट्टी जास्त तापली होती, ते पातं धार धरणार नाही. दुसरी परीक्षा पितळी सळईची. धार सळईवर हलकी दाबून ओढायची. ती किंचित वाकून परत सरळ आली पाहिजे. वाकलेलीच राहिली तर नरम, तुकडा गेला तर ठिसूळ.

सुरी घ्यायला जाल तेव्हा हे विचारा. पाणी स्वतः देता की बाहेरून करून आणता? किती अंशांवर? शेकता किती वेळ? ज्याला काम येतं तो या प्रश्नांवर खुलतो. जो लगेच मुठीवरच्या नक्षीकडे वळतो, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

नक्षीवरून डमास्कस. एके काळी दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेलं पोलाद पश्चिम आशियात जाई आणि त्याच्या तलवारींवर लहरी उमटत. आज डमास्कस म्हणून विकलं जातं ते वेगळं. दोन पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव करतात, त्यातल्या एकात निकेल असतं, आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की निकेलचा थर पांढरा राहतो, दुसरा काळवंडतो. दिसतं देखणं. कापायला त्यानं काही फरक पडत नाही. स्वस्तातल्या काही पात्यांवर नक्षी वरवरची कोरलेली असते. घासली की गेली. खऱ्या थरांची नक्षी घासल्यावर पुन्हा आम्लात बुडवली की परत येते.

[दृश्य: जुन्या गोव्यातली शस्त्रं, संग्रहालय.]

थोडं विषयांतर. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं गोवा घेतला आणि पुढच्या काही वर्षांतच पोर्तुगालच्या राजाला कळवलं, की इथले कारागीर बोहेमियातल्यांच्या तोडीच्या बंदुका करतात. तेच पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले. त्यांच्यामागून तंबाखू आली, आणि तंबाखू कापायच्या सुऱ्यांनी साकाई शहराचं नाव झालं. आज पणजीतला तरुण शेफ ज्या साकाईच्या सुरीसाठी जीव टाकतो, तिच्या गोष्टीत आपल्या किनाऱ्यावरून गेलेली गलबतं आहेत. असो.

[दृश्य: जून. पत्र्यावर पाऊस.]

गोव्यात सुरीचा खरा वैरी पाऊस. कार्बन पोलादाची सुरी जूनमध्ये रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबेरा. शिवाय आपल्या स्वयंपाकात आंबट काय कमी आहे? आमसोल, चिंच, कैरी, बिमलं. कच्चा फणस किंवा केळफूल चिरलं की पातं निळसर-काळं पडतं. हा थर वाईट नाही, तो थोडंफार रक्षण करतो. लाल दिसला तो मात्र गंज. रोज वापरून लगेच धुऊन पुसणाऱ्याला कार्बन चालतं, आणि त्याला धारही सहज लागते. ज्या घरात सुरी संध्याकाळपर्यंत मोरीत लोळते, त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं. मूळ दाढीच्या ब्लेडसाठी तयार झालेलं एईबी-एल नावाचं स्वीडिश पोलाद त्यासाठी उत्तम, आणि कारागिराला नीट जमलं तर धारही छान घेतं. डी-टू नावाच्या पोलादाला बरेच जण स्टेनलेस समजतात. त्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं खरं, तरी आपल्या पावसात त्यावर ठिपके येतात.

आणि सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, बुरशी येते, आतल्या आत पातं खाल्लं जातं. म्यान प्रवासापुरतं.

मुठीला साग, शिसव, फणस चांगले. फणसाचं लाकूड सुरुवातीला पिवळं असतं आणि वापरून वापरून तपकिरी होतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर पावसात फुगतं आणि मेमध्ये पोलादाची कड बोटाला लागते. पातं आणि मूठ जिथं भेटतात तिथं नख फिरवून बघा. फट लागली तर त्यात माशाचं पाणी शिरणार. पाठीच्या कडा गोल केल्यात का हेही बोटानं तपासा. तर्जनी रोज तिथंच घासते. कुणी सांबराच्या शिंगाची मूठ देऊ केली तर नको म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो व्यापार गुन्हा आहे. म्हशीचं शिंग चालतं.

धारेचं आधी ठरवून घ्या. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत लावलेली धार पातळ पात्याचं पाणी घालवते. कड निळी दिसली तर समजा, तिथलं शेकणं वाया गेलं. हजार नंबरचा पाण्याचा दगड घरात असावा, आणि वर्षातून एकदा सुरी कारागिराकडे परत न्यावी. तो हे करून देईल का, कितीला, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. त्याच कागदावर पोलाद, लांबी, पाठीची जाडी, मुठीचं लाकूड, सगळं असू द्या.

परगावच्या पाहुण्यांसाठी एवढंच. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. दाबोळीहून जा नाहीतर मोपाहून, सुरी केबिनच्या बॅगेत नेता येत नाही. नीट गुंडाळून चेक-इन सामानात टाका, बिल सोबत ठेवा.

[दृश्य: भिंतीवरची वही, नोंदींची पानं.]

मावशीची सुरी चवथीच्या आधी हवी होती. चवथीला घरात पंचवीस माणसं जेवतात. कारागिरानं वही बघून मान हलवली. श्रावणात तो मुठी बसवत नाही, हवेत ओल फार. पातं तयार झालं, तेल लावून ठेवलं. मूठ दसऱ्यानंतर. मावशीनं शंभर रुपये कमी करायला सांगितले, त्यानं केले नाहीत.