जंगल जितकं दाट, तितका बर्फ जास्त? तसं नसतं!

राम राम राजेहो. आजचा विषय बर्फ. आता म्हणाल भंडारा-गोंदियात बर्फाचं काय काम, तर बर्फ नसला तरी जंगल आपल्या दाराशी आहे, आणि झाडं वाढली की पाणी वाढतं हे आपण शाळेपासून ऐकतो, ते बर्फाच्या मुलखात जसंच्या तसं लागू होत नाही.

हिमाचलातलं देवदाराचं जंगल घ्या. देवदाराची पानं हिवाळ्यातही झाडावरच, म्हणून पडणारा बर्फ आधी फांद्यांवर अडकतो, आणि तिथं त्याला चारही बाजूंनी ऊन-वारा लागतो, मग त्यातला बराचसा पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो, जमिनीपर्यंत येतच नाही. कॅनडाच्या थंड, दाट जंगलांत वर्षाच्या बर्फापैकी ३० ते ४० टक्के असाच जातो. भोजपत्रासारखी झाडं हिवाळ्यात उघडी होतात, तिथं इतका अडकत नाही.

मग सगळं मोकळं मैदान बरं का? तेही नाही, मैदानातला बर्फ वारा उचलून नेतो. सगळ्यात जास्त साचतो जंगलातल्या छोट्या मोकळ्या जागेत, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दोन ते पाच पट रुंद, वर आडोसा नाही आणि वाराही कमी. अमेरिकेत कोलोरॅडोत फूल क्रीक म्हणून ओढा आहे, तिथं १९५०च्या दशकात पट्टे पट्टे करून साधारण ४० टक्के जंगल तोडलं, तर ओढ्याचं पाणीही जवळपास ४० टक्क्यांनी वाढलं. झाडं जे पाणी पीत होती तेही त्यात वाचलं, हे लक्षात घ्या, नाहीतर उद्या कोणी म्हणेल तोडा सगळं. उतारावरचं जंगल हिमस्खलन सुटू देत नाही, ते तोडलं तर खालचं गाव धोक्यात.

आता साचलेला बर्फ टिकतो किती, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. सावलीनं टिकणार असंच वाटतं ना? पण डिसेंबरात सकाळी लाखोळीच्या बांधीत जा, दवानं पाय ओले होतात, आणि धुऱ्यावरच्या मोहाखाली जमीन कोरडी. काहून? उघडी जमीन रात्री आपली उष्णता आभाळाला देऊन गार पडते, झाडाखाली मात्र पानं ती उष्णता परत खाली फेकतात. बर्फावरही झाडं हेच करतात, म्हणजे दिवसा सावलीनं वाचवतात आणि ही उष्णता देऊन वितळवतातही, दोन्हींची ओढाताण. म्हणून जिथं हिवाळा कडक तिथं सावली जिंकते, जंगलातला बर्फ उशिरा वितळतो, आणि जिथं हिवाळ्याचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास किंवा वर, तिथं जंगलातलाच बर्फ आधी संपतो, मोकळ्यातला मागं राहतो.

कधी मनालीकडं गेलात तर देवदाराच्या बुंध्याशी पहा, बर्फात गोल खड्डा दिसेल, फांद्यांनी वरून अडवलं आणि बुंध्यानं खालून तापवलं, दोन्हींचा मिळून तो खड्डा.