शत्रू नसलेला ड्रॅगन

(दृश्य: विटांचा उतरता चौक. कडेने माती पसरणारे कामगार.)

इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना शहराचा हा मधला चौक, पियाझ्झा देल काम्पो. शिंपल्याच्या आकाराचा, मध्याकडे उतरत गेलेला हा चौक वर्षातून दोनदा, म्हणजे २ जुलै आणि १६ ऑगस्टच्या आधी, कडेने पिवळसर मातीने झाकला जातो. ती माती दाबून घट्ट केली जाते आणि जिथे एरवी उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात तिथे घोडे धावण्याची वाट तयार होते. एक फेरी सुमारे ३४० मीटरची आहे. पालिओ या नावाने जगाला माहीत असलेली तीन फेऱ्यांची ही शर्यत बहुधा दीड मिनिटाच्या आत संपते. या चित्रफितीत आपण त्या दीड मिनिटाकडे जरा उशिरा येणार आहोत, कारण तिच्या निकालाची बरीचशी तजवीज आधीच्या चार दिवसांत झालेली असते, आणि ती करणारे लोक घोड्यावर बसत नाहीत.

(दृश्य: गल्लीबोळांत फडकणारे निशाण. गुलाबी, हिरवा आणि पिवळा रंग. मध्ये पंख उभारलेला ड्रॅगन.)

सिएनाच्या तटबंदीच्या आतला भाग सतरा पेठांमध्ये विभागलेला आहे. तिथे पेठेला कोंत्रादा म्हणतात. व्योलांते बेआत्रीचे या बव्हेरियाच्या राजकन्येने, शहराची प्रशासक असताना, १७२९ मध्ये या पेठांच्या सीमा आखून दिल्या आणि त्या आजही तशाच पाळल्या जातात. प्रत्येक पेठेला स्वतःचे प्रार्थनामंदिर आहे, संग्रहालय आहे, तबेला आहे आणि एक लहानसे कारंजे आहे, ज्याच्या पाण्याने पेठेतल्या मुलांना पेठेची दीक्षा दिली जाते. बहुतेक पेठांना प्राण्यांची नावे आहेत. पडद्यावरचे निशाण द्रागो, म्हणजे ड्रॅगनच्या पेठेचे आहे. परंपरेने ही पेठ सावकारांची आणि पेढीवाल्यांची मानली जाते. ‘माझ्यात जळणारे हृदय मुखात ज्वाळा होते’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे, आणि एवढे तापट ब्रीद मिरवणाऱ्या या पेठेला शहरात एकही घोषित शत्रू नाही. सिएनात ही गोष्ट साधी नाही.

कारण इथे वैर हे जाहीर असते, दोन्ही बाजूंना मान्य असते आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते. हंसाचे वैर मनोऱ्याशी आहे. मनोऱ्याला हंस पुरत नाही म्हणून की काय, त्याचे लाटेशीही वैर आहे. साळिंदर आणि लांडगी, गरुड आणि बिबट्या, शिंपला आणि मेंढा, घुबड आणि एकशिंगी घोडा अशा जोड्या शहरातले लहान मूलही सांगू शकते. वेगाच्या शर्यतीत सर्वांत कडवट वैर धरणाऱ्यांमध्ये कासव आणि गोगलगाय यांचीही जोडी असावी, हा विनोद सिएनाच्या लोकांना विनोद वाटत नाही. वैरी पेठांतल्या स्त्रीपुरुषांचे लग्न होते, संसारही होतो. पण पालिओच्या दिवसांत नवरा त्याच्या पेठेत जातो आणि बायको तिच्या, हे इथे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

(दृश्य: ऐतिहासिक मिरवणूक. चेहरा शिरस्त्राणाने झाकलेले सहा घोडेस्वार.)

या मिरवणुकीत चेहरा झाकून जाणारे सहा स्वार लक्षपूर्वक पाहावेत. कोंबडा, सिंह, अस्वल, ओक वृक्ष, बळकट तलवार आणि विषारी साप अशा सहा पेठा एके काळी शहरात होत्या. १६७५ च्या शर्यतीतील वादानंतर त्यांना बाद करण्यात आले, असे परंपरा सांगते. त्यांचे रस्ते शेजाऱ्यांमध्ये वाटले गेले. आज उरल्या आहेत त्या फक्त या झाकलेल्या आकृत्या, आणि उरलेल्या सतरा पेठांना त्या दरवर्षी पाहाव्या लागतात. पेठ संपू शकते, हे ज्या शहराने अनुभवले आहे त्या शहरातल्या पेठा आपला लौकिक का जपतात, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

हा लौकिक प्रत्येकीचा वेगळा आहे. हंसाची पेठ फोंतेब्रांदा झऱ्याजवळच्या रंगाऱ्यांची. संत कातेरीना तिथेच जन्मली, आणि सर्वाधिक विजयांचा अभिमानही याच पेठेकडे आहे. सुरवंटाची पेठ लोकर कामगारांची. १३७१ मध्ये लोकर पिंजणाऱ्यांनी केलेल्या उठावाचे नाव ती आजही आपल्याशी जोडते आणि आपण गरिबांची पेठ आहोत हे सांगताना तिचा आवाज चढतो. साळिंदराच्या पेठेला ‘सार्वभौम’ ही पदवी आहे. जिराफाच्या पेठेला ‘शाही’ ही पदवी मिळाली ती १९३६ मध्ये, इटलीच्या आफ्रिकेतील साम्राज्याला अर्पण केलेली शर्यत तिने जिंकली तेव्हा. त्या साम्राज्याचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे, पदवी मात्र टिकली. गोगलगायीच्या पेठेला चिडवण्यासाठी ‘संताला बुडवणारे’ म्हणतात, कारण पराभवाच्या रागात तिच्या लोकांनी आपल्याच संत अंतोनिओची मूर्ती विहिरीत टाकली असे सांगितले जाते. ड्रॅगनच्या वाट्याला असे टोपणनाव आलेले दिसत नाही. ज्याला वैरी नाही, त्याला चिडवण्याचीही कोणाला घाई नसते.

(दृश्य: सकाळचा चौक. घोड्यांच्या चिठ्ठ्या. आनंदाने उड्या मारणारा एक गट, खाली मान घातलेला दुसरा.)

शर्यतीच्या तीन दिवस आधी घोड्यांची वाटणी होते. सतरापैकी दहाच पेठा धावतात: मागच्या वर्षी त्याच तारखेच्या शर्यतीत न धावलेल्या सात पेठा हक्काने आणि उरलेल्या तीन चिठ्ठीने. घोडे पेठांच्या मालकीचे नसतात. चाचणीतून पार पडलेल्या घोड्यांपैकी दहा घोडे दहा पेठांचे कप्तान, म्हणजे शर्यतीचे डावपेच ठरवणारे प्रमुख, एकत्र बसून निवडतात, आणि इथेच राजकारणाचा पहिला डाव पडतो, कारण एखादा घोडा फारच सरस असेल तर तो शत्रूच्या चिठ्ठीत जाण्याची भीती धरून कप्तान त्याला वगळूनही टाकतात. निवडलेले घोडे मग चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. पडद्यावर जे लोक रडत मिठ्या मारत आहेत त्यांना चांगला घोडा मिळाला आहे. ज्यांच्या माना खाली आहेत त्यांना घोडा कमजोर मिळाला आहे, किंवा शत्रूला चांगला मिळाला आहे. चेहऱ्यांवरून यातले कोणते दुःख मोठे ते ओळखता येत नाही.

घोडा नशिबाने येतो, स्वार मात्र पैशाने येतो. त्याचा पेठेशी रक्ताचा संबंध नसतो आणि बरेचसे स्वार सार्दिनिया बेटावरून आलेले असतात. तिथल्याच आंद्रेआ देगोर्तेस या स्वाराने, ज्याला सिएना ‘आचेतो’ म्हणजे व्हिनेगर या नावाने ओळखते, १९६५ ते १९९२ या काळात चौदा शर्यती जिंकल्या, आणि त्या एकाच पेठेसाठी नव्हेत. स्वार खोगीर न घालता बसतो. हातात बैलाचे लिंग वाळवून केलेला ताठ चाबूक असतो आणि तो शेजारच्या स्वाराच्या तोंडावर मारण्यास नियमांची आडकाठी नाही. या दिवसांत स्वाराला एकटे सोडले जात नाही. पेठेची माणसे रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतात, कारण ज्याला आपण पैसे दिले त्याला दुसरा कोणी अधिक पैसे देऊ शकतो, हे प्रत्येक पेठेला स्वतःच्या अनुभवावरून माहीत असते.

कप्तानांच्या गुप्त करारांना इथे ‘पार्तीती’ म्हणतात, आणि ते गैर मानले जात नाहीत. तुमचा घोडा कमजोर असेल तर त्याने माझ्या शत्रूला अडवावे. मी जिंकलो तर ठरलेली रक्कम तुम्हाला मिळेल. असे करार रात्री बंद दाराआड होतात, तिथे कॅमेरा नेण्याची मुभा कोणाला मिळत नाही, आणि म्हणून आपण इथे पाहतो आहोत ती फक्त दिवे लागलेली एक खिडकी. पण शत्रू नसणे म्हणजे काय, हे या खिडकीआड कळते. वैर असलेल्या पेठेचा कप्तान दोन हिशेब मांडतो: आपण जिंकावे, आणि ते जमत नसेल तर निदान वैऱ्याने जिंकू नये. दुसऱ्या हिशेबासाठी तो आपली तिजोरी आणि आपला घोडा दोन्ही खर्ची घालतो. ड्रॅगनच्या कप्तानाला हा दुसरा हिशेब नाही. त्याचा सगळा पैसा जिंकण्यासाठी आहे, आणि मैदानात मुद्दाम त्याचीच वाट अडवायला उभा असलेला कोणी नाही. २०१४, २०१८ आणि २०२२ या तीन वर्षांच्या जुलैतील शर्यती ड्रॅगनने जिंकल्या, २०१८ ची आंद्रेआ मारी ऊर्फ ब्रिओ याच्यासह आणि २०२२ ची जोव्हान्नी आत्झेनी ऊर्फ तित्तिया याच्यासह. या यशात घोड्यांचा वाटा आहेच, पण या मोकळेपणाचाही आहे असे आम्हाला वाटते.

तरीही शत्रू नसणे म्हणजे निर्वैर असणे नव्हे.

(दृश्य: १९४५ ची कृष्णधवल छायाचित्रे.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पालिओ बंद होता. युद्ध संपल्यावर, २० ऑगस्ट १९४५ रोजी, शांततेच्या सन्मानार्थ एक विशेष शर्यत झाली. ती ड्रॅगनने जिंकली. विजेत्याला पैसे मिळत नाहीत, मिळते ती चितारलेली रेशमी पताका, आणि शांततेची ती पताका सुरवंटाच्या पेठेतल्या संतप्त लोकांनी फाडून तिच्या चिंध्या केल्या. पुढे त्याच पेठेने ती नव्याने करवून दिली. या दोन पेठांमध्ये घोषित वैर त्या दिवशीही नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही.

(दृश्य: प्रार्थनामंदिरात उभा केलेला घोडा. त्यानंतर दोरांमध्ये रेटारेटी करणारे नऊ घोडे.)

शर्यतीच्या दुपारी घोड्याला पेठेच्या प्रार्थनामंदिरात नेऊन आशीर्वाद दिला जातो. धर्मगुरू त्याला ‘जा, आणि विजयी होऊन परत ये’ असे सांगतो, आणि त्या पवित्र जागी घोड्याने लीद टाकली तर लोक तो शुभशकुन समजतात. मग चौकात जाड दोरांमध्ये नऊ घोडे चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने उभे राहतात. दहावा मागे मोकळा असतो. तो आत धावत आला की दोर पडतो आणि शर्यत सुरू होते; आत केव्हा यायचे हे त्याचा स्वार ठरवतो. आपला मित्र नीट उभा असावा आणि मित्राचा शत्रू तिरका झालेला असावा, अशा क्षणाची तो वाट पाहतो. तोवर दोरांमधले स्वार एकमेकांशी कुजबुजत असतात, आकडे सांगत असतात, आधीचे करार मोडून नवे करत असतात, आणि हा खोळंबा कधी कधी तासाभरापेक्षाही लांबतो. या चित्रफितीत आपण तो बराचसा जसाच्या तसा ठेवला आहे. प्रेक्षकाने कंटाळावे, पण पाहावे.

(दृश्य: शर्यत. निवेदन थांबते. सान मार्तीनोच्या वळणावरील पडणे.)

उतारावरच्या या सान मार्तीनो वळणावर भिंतीला गाद्या लावलेल्या असतात. स्वार पडला तरी घोडा धावत राहतो आणि पहिला आला तर विजय त्याच्या पेठेचाच. ऑगस्ट २०१९ मध्ये अरण्याच्या पेठेसाठी रेमोरेक्स हा घोडा असाच, पाठीवर कोणी नसताना, जिंकला. या वळणांवर घोडे जखमी झाले आहेत आणि मेलेही आहेत, प्राणिमित्र संघटनांनी शर्यत बंद करण्याची मागणी अनेकदा केली आहे, आणि शहराने त्यानंतर घोड्यांची जात, तपासणी आणि सराव यांचे नियम कडक केले आहेत.

इथे दुसरा क्रमांक सन्मानाचा नसतो. जिंकता जिंकता राहिलेली पेठ सर्वांत हरलेली समजली जाते, आणि शत्रू जिंकला तर त्याहूनही वाईट. सर्वांत दीर्घकाळ न जिंकलेल्या पेठेला ‘आजी’ म्हणतात. लांडगीच्या पेठेने ही पदवी वागवली आणि २०१६ मध्ये जुलै आणि ऑगस्ट या दोन्ही शर्यती जिंकून ती उतरवली. मग ती १९९२ पासून न जिंकलेल्या गरुडाकडे गेली.

(दृश्य: पताका खांद्यावर घेऊन गात निघालेली पेठ.)

विजयाचा खर्च विजेत्याचा असतो. ज्यांनी मदत केली त्या सर्वांना ठरलेली रक्कम द्यावी लागते, स्वाराचे मानधन द्यावे लागते, आणि शरद ऋतूत पेठेच्या रस्त्यावर मांडलेल्या विजयभोजनाला शेकडो पाने वाढावी लागतात, ज्यात घोड्याचीही जागा मानाची असते. पराभूतांना मदतीच्या या रकमा द्याव्या लागत नाहीत, कारण त्यांचे करार विजयाच्या अटीवर झालेले होते. जुलैची शर्यत संपल्यावर ऑगस्टच्या शर्यतीला साधारण सहा आठवडे उरतात, आणि विजेत्या पेठेचा खजिनदार पैसे मोजत असताना इतर कप्तानांची बोलणी सुरू झालेली असतात.