भूत नसलेली झपाटलेली शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारा, एक तरी भुताची गोष्ट निघेलच. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत पैंजण वाजायचे. स्वतःच्या कानांनी ऐकणारी एकही मुलगी मला भेटली नाही, पण रात्री पाण्याला जायचं तर दोघी मिळून.

किशोरांसाठीच्या इंग्रजी गॉथिक, म्हणजे गूढ-भयाच्या कादंबऱ्यांत अशा निवासी शाळांचं सध्या पेव फुटलंय. धुक्यातली दगडी इमारत, कुलूप घातलेला मजला आणि मोबाइलला हमखास नसलेली रेंज! मीही आवडीनं वाचते. पण खरी भीती वाटते ती एका जुन्या शाळेची.

उत्तर इंग्लंडमधलं कोवन ब्रिज. १८२४ साली तिथे गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठी शाळा निघाली आणि ब्राँटे कुटुंबातल्या चार बहिणी तिथे दाखल झाल्या. रविवारी दोन मैलांहून जास्त चालत चर्चला जायचं, थंडगार जेवण तिथेच उरकायचं आणि पुन्हा तेवढंच चालत परतायचं. थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, क्षयानं खंगून घरी आल्या आणि १८२५च्या मे-जूनमध्ये गेल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. मधली शार्लट तेव्हा नऊ वर्षांची होती.

हीच शार्लट पुढे लेखिका झाली. बावीस वर्षांनी, १८४७ साली, तिची ‘जेन एअर’ ही कादंबरी आली. तिची नायिका जेन जिथे शिकते, ती लोवुड शाळा म्हणजे हीच कोवन ब्रिजची. सकाळी तोंड धुवायला जावं तर सुरईतलं पाणी गोठलेलं. न्याहारीला करपलेली लापशी, इतकी की उपाशी पोरींनाही घशाखाली उतरत नाही. भूत म्हणाल, तर लोवुडमध्ये एकही नाही. शाळेतलं भूत शार्लटनं पुढे १८५३च्या ‘व्हिलेट’मध्ये आणलं, माळ्यावर दिसणारी जोगीण. आणि ती निघते कोण? एका विद्यार्थिनीला चोरून भेटायला येणारा तरुण! बाईंनी भुताची अशी फजिती केली, हे मला फार आवडतं.

लोवुडमध्ये मात्र थट्टा नाही. जेनची मैत्रीण हेलन क्षयानं मरणाला टेकली आहे. ही हेलन म्हणजे मारियाच, असं खुद्द शार्लट सांगायची. रात्री सगळे झोपल्यावर जेन अनवाणी तिच्या खोलीत जाते. “तुझे पाय उघडे आहेत, माझ्या पांघरुणात ये,” असं हेलनच तिला म्हणते. दोघी बिलगून झोपतात. सकाळी शिक्षिका बघते, तर एक झोपलेली, एक गेलेली.

पंधरा वर्षं हेलनच्या थडग्यावर नुसतं गवत होतं. आता तिथे करड्या संगमरवराची, तिच्या नावाची पाटी आहे. कुणी बसवली, ते जेन सांगत नाही.