एलीया, तू इथे काय करतोस?

[पडद्यावर: सिनाईचे उघडेबोडके, तांबूस डोंगर. पहाट. पायथ्याशी संत कॅथरीनचा मठ.]

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातला हा जेबेल मुसा, मोशेचा डोंगर. उंची २,२८५ मीटर. बायबलमधला होरेब पर्वत तो हाच, असं परंपरा मानते. पायथ्याचा मठ सहाव्या शतकातला. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर चढायला लागतात, कारण सूर्योदय माथ्यावरून पाहायचा असतो.

आपण ज्याच्या मागावर इथे आलो, तो मात्र जीव मुठीत घेऊन पळत आला होता. संदेष्टा एलीया. काही दिवसांपूर्वीच कर्मेल डोंगरावर त्यानं बआल या कनानी देवाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकट्यानं आव्हान दिलं होतं. तो जिंकला, आणि त्या सगळ्यांना त्यानं मारवलं. मग बआलाची भक्त असलेल्या इस्राएलच्या राणी ईजबेलचा निरोप आला: उद्या या वेळेपर्यंत तुझीही तीच गत करते. एवढ्या एका निरोपानं हा वाघासारखा माणूस कोलमडला. बैर-शेबा गावात नोकराला सोडून एकटाच रानात शिरला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, ‘पुरे झालं देवा. आता माझा जीव घे.’ आणि झोपी गेला.

देवदूत आला, पण त्यानं उपदेशाचा एक शब्द काढला नाही. ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयानं खाल्लं आणि पुन्हा आडवा झाला. दूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रश्न विचारला गेला तो चाळीस दिवस चालून होरेबाच्या गुहेत पोहोचल्यावर:

‘एलीया, तू इथे काय करतोस?’

[पडद्यावर: गुहेच्या आतून दिसणारं आभाळ.]

ज्यानं वाटेत भाकरी पुरवल्या, त्याला हा इथे कसा आला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? बायबलमध्ये देव असे प्रश्न पहिल्या पानांपासूनच विचारत आला आहे. एदेन बागेत झाडांआड लपलेल्या आदामाला, ‘तू कुठे आहेस?’ भावाचा खून करून आलेल्या काइनाला, ‘तुझा भाऊ हाबेल कुठे आहे?’ उत्तर विचारणाऱ्याला माहीत असतं. तरी तो विचारतो, आणि समोरच्याला बोलायला जागा देतो. आदाम त्या जागेत बायकोवर ढकलून मोकळा होतो. काइन उलट विचारतो, ‘मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?’

हागारेचं तसं नाही. ती अब्राम आणि त्याची बायको साराय यांच्या घरातली इजिप्तची दासी. पोटात अब्रामाचं मूल, वर मालकिणीचा छळ, म्हणून पळालेली. या प्रसंगात अब्राम आणि साराय तिचा उल्लेख फक्त ‘दासी’ असा करतात. वाळवंटातल्या झऱ्यापाशी देवदूत तिला नावानं हाक मारतो. ‘सारायच्या दासी हागारे, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस?’ प्रश्न दोन आहेत. हागार उत्तर एकाचंच देते: ‘मालकिणीपासून पळतेय.’ कुठे चाललीस, याला तिच्याकडे उत्तर नाही. तरीही याच बाईनं देवाला नाव ठेवलं, ‘मला पाहणारा देव’. एका गुलाम बाईनं देवाचं नामकरण करावं, हे प्रवचनांतून फारसं ऐकू येत नाही. यायला हवं.

आता पुन्हा गुहेकडे.

एलीयाचं उत्तर तयारच होतं. मी तुझ्यासाठी एवढा झटलो, लोकांनी तुझ्या वेद्या पाडल्या, तुझे संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय, आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग खडक फोडणारा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. यांतल्या एकातही देव नव्हता. त्यानंतर अगदी मंद, बारीक आवाज. एलीयानं झग्यानं तोंड झाकलं, गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आणि तोच प्रश्न पुन्हा ऐकला. ‘एलीया, तू इथे काय करतोस?’

एवढं सगळं पाहून एलीयानं काय सांगावं? तेच. अक्षरशः शब्दाला शब्द तेच. हा प्रसंग सांगताना ‘मंद आवाज’ येताच आपण भारावतो आणि पुढचं वाचायचं राहून जातं. साक्षात्कार झाला तरी माणूस बदलला नाही, हे लिहिणाऱ्यानं झाकलेलं नाही. देव त्यावर वाद घालत नाही. आल्या वाटेनं परत जा म्हणतो, तिघांना अभिषेक करायचं काम देतो, त्यांतला एक अलीशा, एलीयाच्या जागी येणारा. आणि बोलण्याच्या ओघात सांगतो: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण इस्राएलात मी राखले आहेत. ‘मी एकटाच’ या गाऱ्हाण्याला एवढंच उत्तर.

[पडद्यावर: वादळी आकाश, रानबकरी, शहामृग.]

ईयोबाला विचारलेले प्रश्न मात्र कठोर आहेत, आणि त्यांना गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मुलंबाळं गेलेला, अंगभर फोडांनी पोळलेला माणूस ‘का?’ विचारतोय, आणि वावटळीतून देव म्हणतो, ‘मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?’ मग प्रश्नांमागून प्रश्न. रानबकऱ्या कधी वितात? कावळ्याची पिल्लं भुकेनं ओरडतात तेव्हा त्यांना कोण चारतं? ईयोबाच्या ‘का’ला उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. पण देवाची बाजू घेऊन त्याला सुनावणाऱ्या मित्रांवरच देव शेवटी रागावतो, आणि माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असं म्हणतो. भांडणाऱ्याला देवानं जवळचं मानलं.

[पडद्यावर: यरुशलेम, संत अन्ना चर्चशेजारचं उत्खनन. खोल गेलेल्या दगडी भिंती, कमानी.]

नव्या करारात विचारणारा येशू असतो. हे बेथेसदाचं तळं. योहानाच्या शुभवर्तमानात त्याला पाच पडव्या आहेत. पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा होतो, अशी तिथल्या लोकांची समजूत. इथे अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, ‘तुला बरं व्हायचंय का?’ दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो माणूस ‘हो’ म्हणतच नाही! पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो, हे सांगत बसतो. येशू त्यावर अडून राहत नाही. ‘ऊठ, बाज उचल, चाल.’

[पडद्यावर: मोसुल, तैग्रीस नदी. नबी युनूस टेकडी.]

इराकमधलं मोसुल. नदीपल्याड प्राचीन निनवेचे अवशेष. या टेकडीवर योनाची मानली जाणारी कबर होती. २०१४च्या जुलैमध्ये इस्लामिक स्टेटनं ती मशिदीसकट उडवून दिली.

योना इस्राएलच्या उत्तर राज्यातला संदेष्टा, आणि निनवे अश्शूर साम्राज्याचं शहर. तिथे जाऊन नाशाचा इशारा दे, असं देवानं त्याला सांगितलं होतं. याच अश्शूरनं इसवीसनपूर्व ७२२च्या सुमारास ते राज्य बुडवलं. ही गोष्ट ऐकणाऱ्यांना निनवे म्हणजे काय, हे सांगावं लागत नव्हतं. म्हणून योनाचा इशारा ऐकून निनवेकरांनी पश्चात्ताप केला आणि देवानं त्यांना सोडलं, तेव्हा योनाचा तिळपापड झाला. देव विचारतो, ‘तू रागावलास हे बरं का?’ योना गप्प. शहराबाहेर जाऊन, आता काय होतं ते बघत बसतो. डोक्यावर एक वेल वाढते, तो खूश होतो. दुसऱ्या दिवशी किडा तिला कुरतडतो, वर ऊन, वर पूर्वेचा होरपळवणारा वारा. देव पुन्हा विचारतो, ‘वेलीसाठी रागावलास हे बरं का?’ या वेळी योना ताडकन म्हणतो, ‘मरेपर्यंत रागावेन!’

मग देवाचं शेवटचं बोलणं. जिच्यासाठी तू कष्ट केले नाहीस त्या वेलीची तुला कीव आली. मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि कितीतरी गुरंढोरं या निनवेत असताना मी तिची कीव करू नये का?

चार अध्यायांचं पुस्तक इथेच संपतं. योना काय म्हणाला, लिहिलेलं नाही.

[पडद्यावर: सभास्थान, दुपार उतरणीला लागलेली.]

योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या, उपवासाच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत जगभरचे यहुदी हे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही. त्यांच्यात या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत, कारण दारं लावून तो पाळायचा. योनाचं वाचन देवाच्या त्या प्रश्नावर थांबवत नाहीत. लगेच मीखा संदेष्ट्याची तीन वचनं जोडतात, आणि त्यांतलं पहिलंही प्रश्नच आहे. फक्त या वेळी तो माणूस देवाला विचारतो: ‘अपराधाची क्षमा करणारा, तुझ्यासारखा देव कोण आहे?’