निर्वात पॅनल आणि त्याची पिशवी

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर 'उष्णतारोधक निर्वात पॅनल वडोदऱ्यात तयार करता येतील काय' असा विषय छापला आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण या पॅनलविषयी बोलायला जेथे जेथे जातो तेथे पहिला प्रश्न हमखास 'पंप कोणता वापरता?' हाच येतो, आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. हे पॅनल म्हणजे पिशवीत घालून, पंपाने आतली हवा काढून बंद केलेली पाटी. या धंद्यात पंपाला जो मान मिळतो, तो खरे पाहता त्या पिशवीला मिळायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापैकी बरेच जण कलाभवनाच्या, म्हणजे येथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात शिकलेले असल्यामुळे वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णतेच्या तीन वाटांची उजळणी मी करत नाही. जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये दुहेरी भिंतीच्या काचपात्रातील मधली हवा काढून टाकली आणि हवेमार्फत होणारा उष्णतेचा प्रवास थांबवला. (त्यांनी पेटंट घेतले नाही आणि थर्मास विकून पैसे भलत्यांनीच मिळवले, पेटंटवाल्यांसमोर हे व्याख्यान असते तर मी येथेच अर्धा तास थांबलो असतो.) ड्यूअर यांचे पात्र गोल होते, म्हणून ते बाहेरच्या हवेचा दाब सोसू शकले. सपाट भिंतीवर मात्र प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 10 टनांचा भार येतो आणि आतून आधार नसेल तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. म्हणून पॅनलमध्ये गाभा घालावा लागतो. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत जाळून मिळणारी फ्यूम्ड सिलिका ही अतिशय हलकी पांढरी भुकटी दाबून त्याची पाटी करतात, आणि प्रारण अडवण्यासाठी तीत थोडे सिलिकॉन कार्बाइड मिसळतात.

आता पंपाकडे येतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी 70 नॅनोमीटरच्या आसपास प्रवास करतो, आणि या भुकटीतील बहुतेक छिद्रे साधारण त्याच मापाची असतात. दाब थोडा उतरवला की रेणूंची एकमेकांशी गाठ पडण्याऐवजी ते छिद्रांच्या भिंतींवरच आपटत राहतात आणि उष्णता पुढे पोचवण्याचे त्यांचे काम जवळजवळ बंद पडते. त्यामुळे 1 मिलिबारपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत, गेले तरी पुरते, आणि तेथपर्यंत साधा दोन टप्प्यांचा तेलाचा रोटरी पंप सहज जातो. काचतंतूंचा गाभा घेतला तर छिद्रे कितीतरी पटींनी मोठी असल्यामुळे दाब 0.1 मिलिबारच्याही खाली ठेवावा लागतो. तेथे पंपाविषयी विचारलेत तर मी रागावणार नाही.

फ्यूम्ड सिलिकाच्या नव्या पॅनलची उष्णतावाहकता 0.004 ते 0.005 वॅट प्रति मीटर-केल्विन असते. फ्रीजच्या भिंतीत आपण जे पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, भरतो त्याची 0.022 च्या पुढे, थर्माकोलची 0.035 च्या आसपास. म्हणजे 2 सेंटिमीटरचे पॅनल 10 सेंटिमीटर पफचे काम करते, आणि गाडीच्या किंवा खोक्याच्या आत तेवढी जागा मोकळी होते.

याच जागेच्या लोभाने आपल्या शहराजवळच्या एका दुग्धव्यावसायिकाने आइस्क्रीमच्या गाडीची पेटी आमच्या पॅनलची करून घेतली. पॅनल कोठे आहे हे दाखवणारे आराखडे आम्ही पाठवले होते, आतल्या पत्र्यावर लाल पट्टेही मारून दिले होते. गाडीची बॉडी बांधणाऱ्याच्या फिटरने ते लाल पट्टे पाहिले आणि रिव्हेट कोठे मारायचे याची खूण समजून फळ्यांचे सारे ब्रॅकेट इमानदारीने त्याच पट्ट्यांवर बसवले. पॅनल शाबूत असते तेव्हा पिशवी पाटीला इतकी घट्ट बसलेली असते की तिची सुरकुती चिमटीत धरता येत नाही. आतला पत्रा उघडून मी हात लावला तर तीच पिशवी उशीच्या अभ्र्यासारखी हातात आली. मालकांनी शांतपणे विचारले, 'साहेब, पंक्चर झाले ना? मग पुन्हा निर्वात भरून द्या.' या वाक्याला उत्तर काय द्यावे ते मला आजही सुचलेले नाही. एवढे सांगतो की भोक पडलेल्या पॅनलची वाहकताही 0.020 च्या आसपास राहते, म्हणजे ते मेले तरी पफच्या तोडीचे असते. गाडी त्यामुळे चालत राहिली, आणि आमचे पैसे मात्र अडकले. जागेवर कापता येत नाही, खिळा मारता येत नाही, अशी वस्तू आपल्याकडच्या सुताराच्या आणि फिटरच्या हाती देताना कागदावरच्या आराखड्यावर विसंबून चालत नाही, हे गाऱ्हाणे मी ज्यांच्यापुढे मांडले त्या सर्वांनी मला 'पंप कोणता होता?' असेच विचारले.

तेव्हा पिशवी. आपल्या लीलो चेवड्याचे चकचकीत पाकीट ज्या मेटलाइज्ड फिल्मचे असते, त्याच कुळातली ही पिशवी आहे. फरक एवढाच की चिवडा पाकिटात काही काळ टिकला की भागते. पॅनल वर्षानुवर्षे टिकायला हवे, आणि म्हणून तिच्यातून झिरपणारी वाफ पाकिटाच्या साधारण शंभराव्या भागाइतकीच चालते. जाड ॲल्युमिनियम फॉइल वापरले तर वाफ अडते, पण ॲल्युमिनियमची वाहकता गाभ्याच्या सुमारे 50,000 पट असल्यामुळे उष्णता पॅनलच्या कडेकडेने वळसा घालून पलीकडे जाते. म्हणून 100 नॅनोमीटरपेक्षाही पातळ ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या तीन फिल्म एकावर एक चिकटवतात आणि सर्वांत आत सीलसाठी पॉलिथीनचा थर देतात. या सीलवर भुकटीचा एक कण जरी बसला तरी तेथे वाट राहते. त्यासाठी पाटीला आधी न विणलेल्या कापडाचे अस्तर घालतात आणि तिन्ही बाजू बंद केलेल्या पिशवीत ती हळूच सरकवतात. चौथी बाजू निर्वात पेटीच्या आत, हवा काढून झाल्यावर, तापलेल्या पट्ट्यांनी दाबून बंद होते.

चिटणीसांनी पाच मिनिटे दाखवली आहेत, म्हणून पत्रिकेवरच्या प्रश्नाचे उत्तर आता घाईने देतो. होय, येथे करता येतील. वेष्टनांच्या फिल्मवर थर चढवणारे, लॅमिनेट करणारे कारखाने मकरपुऱ्यापासून वापीपर्यंत आहेत आणि पिशवीचे कसब त्यांच्याकडेच आहे. त्यांना चिवड्याच्या हिशेबातून पॅनलच्या हिशेबात आणावे लागेल.

खरी अडचण आपल्या पावसाळ्याची आहे. 1 ग्रॅम पाणी 1 मिलिबार दाबाला 1,300 लिटरांहून अधिक वाफ होते, आणि दमट पाटी पेटीत घातली तर कितीही मोठा पंप ती वाफच ओढत बसतो. पाटी 150 अंशांच्या आसपास भट्टीत वाळवून, दमट हवेशी गाठ पडू न देता, कोरड्या खोलीतून थेट पेटीत गेली पाहिजे. म्हणजे पंपापेक्षा भट्टी आणि कोरडी खोली यांवर अधिक पैसा घालावा.

तपासणीविषयी दोनच वाक्ये. तयार पॅनल मोठ्या पेटीत ठेवून बाहेरचा दाब उतरवत न्यायचा, आणि पिशवी पाटीपासून सुटू लागते त्या क्षणाचा बाहेरचा दाब हाच आतला दाब समजायचा. हे मोजमाप पॅनल काही दिवस ठेवून पुन्हा करावे, कारण सीलमधली बारीक गळती पहिल्या दिवशी दिसत नाही.

आणि इमारतींच्या मागे आत्ताच लागू नये. लस 2 ते 8 अंशांत ठेवून लांब पाठवण्याची खोकी आधी करावी, कारण तेथे पॅनल कारखान्यातच खोक्याच्या कवचात बंद होते आणि त्यानंतर त्याला कोणी ड्रिल लावत नाही.