तीनशे प्रती, तीनशे घरं

रायतूर मडगावाहून फार लांब नाही. तिथल्या जेजुइट धर्मगुरूंच्या छापखान्यात १६१६ साली इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलमधली कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, अक्षरं रोमन. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत हाती लागत नाही.

मग पुराण आपल्यापर्यंत आलं कसं? लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं, म्हणून. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये ते वाचलं जात होतं. अशाच हस्तलिखितांवरून मंगळुरात जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये ते रोमन लिपीत छापलं. पुण्यात शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.

स्टीफन्सना मात्र इथल्याच लिपीत पुस्तकं हवी होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना तसं पत्र पाठवलं. अडचण खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची होती. युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरत, इथल्या जोडाक्षरांना सहाशेच्या घरात लागले असते. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं काही वाचवेना. आज माझ्या टेबलावरच्या जुन्या संगणकात ती सगळी जोडाक्षरं आहेत. त्या माणसानं आठ वर्षं थांबून शेवटी रोमनमध्ये छापलं, आणि आपण देवनागरी हाताशी असून काय छापतो?

म्हणून आम्ही दोघांनी हे छोटं प्रकाशन सुरू केलं. जुन्या प्रार्थना, संतचरित्रं, पुराणातले निवडक भाग. एका पुस्तकाच्या तीनशे प्रती. प्रार्थनेचं पुस्तक असलं की बिशपांची परवानगी आधी घ्यायची, मगच छपाई.

खरा पेच लिपीचाच. आपल्याकडे ज्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, तिथल्या वडीलधाऱ्यांना रोमी, म्हणजे रोमन लिपी वाचायची सवय. देवनागरी वाचणारे बरेचसे हिंदू, ते हे पुराण साहित्य म्हणून हाती घेतात. एकानं भक्तीसाठी वाचायचं, दुसऱ्यानं भाषेसाठी, आणि दोघांची पुस्तकं वेगळी? मला ते पटेना. आम्ही डावीकडे रोमी, उजवीकडे देवनागरी असं समोरासमोर छापतो. पानं दुप्पट, खर्चही वाढतो. पण आजी आणि नात एकाच पुस्तकात बघून वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बांधणी शिवूनच घेतो. नुसत्या डिंकावरचं पुस्तक आपल्या पावसाळ्यात दोन वर्षं टिकत नाही, आणि ते उघडून ठेवलं तर आपोआप मिटतं. प्रार्थनेच्या वेळी हात जोडलेले असतात, पान कोण धरणार? अक्षर मोठं ठेवतो. एक ओवी दोन पानांत तुटू देत नाही.

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या फेरीत (जत्रेत) एकानंच वीस प्रती मागितल्या, तर मी विचारतो, कुणाकुणाला देणार? मला वीस घरं हवीत. एका कपाटात वीस प्रती असल्या, तर एक वाळवी पुरते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांच्या हातची ओव्यांची किंवा लादाइनीची, म्हणजे संतांच्या आळवणीची वही असेल, तर फक्त कळवा. मी घरी येईन, तुमच्यासमोर एकेक पान टिपून घेईन. वही कपाटातून तुम्हीच काढायची आणि परत तुम्हीच ठेवायची.